शीरखुर्म्यातली चारोळी आणि तिचा भाव

रमजानचे शेवटचे दिवस आले की घराघरांतून एकच यादी निघते. शेवया, खजूर, काजू, बदाम, पिस्ते, खोबरे आणि चारोळी. खजूर अरबस्तानातून येतो, काजू कोकणातून येतो, हे लहान मुलेही सांगतात. चारोळी कोठून येते असे विचारले तर मात्र बहुतेकांचे उत्तर असते, ‘किराणा दुकानातून’. आम्ही गोंदिया जिल्ह्यात राहतो. चारोळीचे झाड आमच्याच जिल्ह्याच्या जंगलात उभे आहे. तरीही काही वर्षांपूर्वीपर्यंत आमचेही उत्तर हेच होते.

आमचे गाव नागरा. गोंदिया शहराला लागून असलेले, प्राचीन शिवमंदिरासाठी ओळखले जाणारे, भातशेतीचे गाव. आम्ही म्हणजे पाच जण. दोन शिक्षक, एक निवृत्त पोस्टमन आणि घर सांभाळणाऱ्या दोघी बहिणी. दरवर्षी रमजानच्या आधी आम्ही सालेकसा भागातील महिलांच्या एका बचतगटाची चारोळी, मध आणि वाळवलेली मोहफुले आणतो आणि मोहल्ल्यात विकतो. या कामाचा आम्ही एक पैसाही घेत नाही. हे सांगताना मोठेपणा मिरवायचा नाही. कारण बिनपैशाचे काम असूनही पहिल्या वर्षी आमच्या हातून ज्यांच्यासाठी काम करत होतो त्यांचेच नुकसान झाले. ते कसे झाले आणि त्यातून काय शिकलो, हे वाचकांना सांगावे म्हणून हा लेख.

चारोळी हातात येते कशी?

आमच्याकडे या झाडाला ‘चार’ म्हणतात. उर्दूत चारोळीला चिरौंजी म्हणतात. उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यात झाडाला लहान लहान काळपट जांभळी फळे येतात. वरचा गर आंबटगोड असतो आणि गावातली मुले तो आवडीने खातात. आत कठीण बी असते आणि त्या बीच्या आत चारोळीचा दाणा. फळे वेचायची, भिजवून गर चोळून काढायचा, बिया धुऊन उन्हात वाळवायच्या, मग जात्यात हलक्या हाताने भरडायच्या. जोर जास्त लागला तर दाणा मोडतो, कमी लागला तर कवच फुटत नाही. शेवटी सुपाने पाखडून कवच आणि दाणे वेगळे करायचे. कितीतरी किलो बिया भरडाव्या तेव्हा किलोभर स्वच्छ चारोळी हाती लागते.

हे सर्व काम बहुतेक बायकाच करतात. पहाटे जंगलात जायचे, ऊन चढण्याआधी परतायचे. त्याच दिवसांत मोहफुले संपत आलेली असतात आणि तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर असतो. वर्षभरात हातात रोख पैसा येण्याचे जे थोडे दिवस असतात, ते हेच.

आता भावाकडे पाहू. शेजारच्या बस्तरमध्ये एके काळी व्यापारी चारोळीच्या बदल्यात वजनास वजन मीठ देऊन जात. आज तसे उघड कोणी करत नाही. पण ज्या घरात मे महिन्यात पेरणीसाठी पैसे नसतात, त्या घराला आगाऊ रक्कम देऊन माल आधीच बांधून घेतला जातो, आणि मग भाव घेणारा ठरवतो. दुसऱ्याच्या आधी माल मिळावा म्हणून कच्ची फळेही तोडली जातात, कधी फांद्याच छाटल्या जातात. त्यामुळे दाणा हलका भरतो आणि झाडही मागे पडते. भाव पडला की माणूस आणि जंगल दोघांचेही नुकसान होते ते असे.

कायदा या बायकांच्या बाजूने नाही, असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात परंपरेने राहणाऱ्या लोकांना गौण वनोपजावर मालकीहक्क दिला. २०१३-१४ पासून केंद्र सरकारने काही वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजनाही आणली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने तर २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार मिळवून आपला बांबू आपण विकून दाखवला. पण कायद्याने हक्क मिळाला तरी विकत घेणारा दुसरा कोणी समोर असावा लागतो. दारात एकच गिऱ्हाईक असेल तर हक्काचा कागद पेटीतच राहतो.

फेअर ट्रेड म्हणजे काय?

‘फेअर ट्रेड’ हा शब्द अलीकडे मोठ्या शहरांतल्या चहा-कॉफीच्या पाकिटांवर दिसतो. अर्थ सरळ आहे, न्याय्य व्यापार. बनवणाऱ्याला किंवा वेचणाऱ्याला त्याच्या श्रमाची योग्य किंमत, ठरलेल्या वेळी पैसे, मुलांना कामाला जुंपायचे नाही, बाई आणि पुरुषाला सारखा मोबदला, आणि भाव कसा ठरला ते उघड सांगायचे. जागतिक पातळीवर या व्यापाराची दहा तत्त्वे ठरलेली आहेत. त्यांत एक आमच्या मनात विशेष बसले. हस्तकलेचा माल मागवताना कारागिराने मागितल्यास किमान निम्मी रक्कम आगाऊ द्यायची आणि तीही बिनव्याजी.

ही चळवळ मोठ्या दुकानांतून सुरू झाली नाही. १९४६ मध्ये एडना रूथ बायलर नावाची अमेरिकन गृहिणी पोर्टो रिकोला गेली. तिथल्या गरीब बायकांचे भरतकाम तिने सोबत आणले आणि गाडीतून नेऊन आपल्या शेजारणींना व ओळखीच्यांना विकले. त्यातूनच पुढे ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ ही दुकानांची साखळी उभी राहिली. १९६९ मध्ये नेदरलँड्समधील ब्रूकेलेन या गावी अशा मालाचे पहिले दुकान निघाले. युरोपात नंतर अशी शेकडो दुकाने झाली आणि त्यांतील बहुतेक काम स्वयंसेवक करत आले. इंग्लंडमधील गार्स्टँग या छोट्या गावाने २००० मध्ये आपण ‘फेअर ट्रेड गाव’ असल्याचे जाहीर केले. तिथल्या शाळा, प्रार्थनास्थळे आणि दुकाने यांनी मिळून तसे ठरवले होते. म्हणजे एका बाईच्या शेजारापासून सुरुवात झाली आणि गोष्ट गावापर्यंत पोचली.

आमच्या चारोळीच्या पाकिटावर असा कोणताही आंतरराष्ट्रीय शिक्का नाही. तो मिळवण्याचा खर्च एवढ्या छोट्या गटाला झेपणारा नाही. आम्ही फक्त ती तत्त्वे पाळायचा प्रयत्न करतो.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही

हे सर्व परदेशी वाटत असेल तर थोडे जवळ येऊ. आपल्याच विदर्भात वर्धा आहे. १९२५ मध्ये चरखा संघ स्थापन झाला, तेव्हापासून खादीचे गठ्ठे खांद्यावर घेऊन कार्यकर्ते दारोदार फिरत. त्याला खादी फेरी म्हणत. खिलाफत चळवळीच्या काळात मौलाना मुहम्मद अली आणि शौकत अली यांच्या आई आबादी बानो बेगम, म्हणजे सर्वांच्या बी अम्माँ, उतारवयात गावोगाव फिरून लोकांना खादी वापरण्याचे आवाहन करत होत्या. कापड विणणाऱ्यांमध्येही मोमीन विणकर मोठ्या संख्येने होते.

पण १९३५ मध्ये एक अडचणीचा प्रश्न पुढे आला. खादी स्वस्त राहावी म्हणून सूत कातणाऱ्या बायकांना फारच थोडी मजुरी मिळत होती. गांधीजींचा मुक्काम तेव्हा वर्ध्याला होता. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत, असा त्यांनी आग्रह धरला. भाव वाढले तर खादी खपणार नाही, अशी भीती कार्यकर्त्यांनी व्यक्त केली. आठ आणे काही देता आले नाहीत, पण चरखा संघाने पोटापुरत्या मजुरीचे तत्त्व मान्य केले. कताईचे दर वाढवले गेले आणि त्याबरोबर खादीचा भावही वाढला. कातणारीला उपाशी ठेवून विकलेली स्वस्त खादी कोणाच्या उपयोगाची, हा तो प्रश्न होता. नव्वद वर्षांनंतर नागऱ्यात चारोळी विकताना तोच प्रश्न आमच्या पुढ्यात येईल, असे आम्हाला वाटले नव्हते.

आणि त्याहून जुने उदाहरण तर प्रत्येक मुस्लिम घरात सांगितले जाते. हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत खदीजा (रजि.) यांचा माल व्यापारासाठी नेला होता. माल दुसऱ्याचा होता, आणि एकेका नाण्याचा हिशेब चोख होता. दुसऱ्याचा माल विकणे ही अमानत आहे, हे आपण तिथूनच शिकतो. सूरह मुतफ्फिफीनची सुरुवातच घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना माप मारणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्याने होते. आम्ही हे वर्गात मुलांना शिकवतो. स्वतः विकायला बसलो तेव्हा मात्र विसरलो.

पहिल्या वर्षी काय चुकले

पहिल्या वर्षी आम्ही सहा किलो चारोळी आणली. पन्नास ग्रॅमच्या १२० पुड्या केल्या. पुडीची किंमत शंभर रुपये ठरवली होती. ही किंमत गटाच्या बायकांनी आणि आम्ही एकत्र बसून ठरवली होती.

विक्री सुरू झाली आणि घासाघीसही सुरू झाली. शेजारी म्हणाले, “मास्तर, आपल्या घरच्यांना पण शंभरच?” नात्यातल्या भाभी म्हणाल्या, “तीन घेते, काहीतरी कमी करा.” आम्हाला नाही म्हणता येईना. रमजानचा महिना, ओळखीची माणसे, आणि आपल्याला तर नफा घ्यायचा नाही, मग दहा रुपये सोडले तर काय बिघडले? असे करत ७० पुड्या आम्ही नव्वद रुपयांना दिल्या. नऊ पुड्या उधारीवर गेल्या, त्यांचे पैसे आलेच नाहीत. सगळा माल संपला म्हणून आम्ही खूश होतो. हिशेब मांडला तेव्हा सोळाशे रुपये कमी भरले.

पैसे घेऊन आम्ही गटाकडे गेलो. सांगितले, “सणाचे दिवस होते, थोडी सूट द्यावी लागली.” गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईंनी वही मिटली आणि शांतपणे विचारले, “गुरुजी, सूट तुम्ही दिली, पण ती कोणाच्या खिशातून दिली?”

आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. आम्ही आमची मेहनत फुकट देत होतो, म्हणून आम्हाला वाटले की उदार होण्याचा हक्क आपल्याला आहे. पण ज्या दहा रुपयांवर आम्ही उदार झालो ते आमचे नव्हतेच. उन्हात बिया वेचणाऱ्या बायकांचे होते. ते सोळाशे रुपये आम्ही पाच जणांनी भरून दिले. पण ते उत्तर नव्हते. असे दरवर्षी खिशातून भरायचे म्हटले तर ज्याच्या खिशात पैसे आहेत तोच हे काम करू शकेल. शिवाय मोहल्ल्यातल्या लोकांना खरी किंमत कधी कळणारच नाही.

एका खालांनी शिकवलेला धडा

दुसऱ्या वर्षी आम्ही ठरवून बसलो, भाव कमी करायचा नाही. आणि भीती होती तसेच झाले. पहिल्या आठवड्यात पुड्या पडून राहिल्या. “दुकानात याहून स्वस्त मिळते,” असे दोन-तीन जणी बोलूनही गेल्या.

एका संध्याकाळी इफ्तारीच्या आधी मोहल्ल्यातल्या एक खाला आल्या. चाळीस वर्षे बिडी वळून त्यांनी मुले वाढवली. बोटांची टोके तंबाखूने पिवळी पडलेली. त्या वेळी तिथे एक जण पुडी हातात घेऊन भाव करत होत्या. खालांनी थोडा वेळ ऐकले आणि म्हणाल्या, “बेटा, हजार बिड्या वळून नेल्या की त्यातल्या मूठभर ‘छाट’ म्हणून बाजूला टाकतात. त्यांचे पैसे देत नाहीत, आणि बिड्याही परत देत नाहीत. तेव्हा पोटात काय होतं ते मला विचार. या दहा रुपयांत कोणाची तरी छाट आहे.” मग कनवटीचे शंभर रुपये काढून त्यांनी एक पुडी घेतली. सुटे मागितले नाहीत, भाव विचारला नाही.

खालांची परिस्थिती आम्हाला ठाऊक आहे. त्यांना शंभर रुपये सोपे नव्हते. आम्ही म्हणालो, “खाला, छोटी पुडी करून देऊ का?” त्या म्हणाल्या, “हो, ती करा. माझ्यासाठी नाही, बाकीच्यांसाठी. कमी घेऊ दे, पण कमी देऊ नका.”

तेव्हापासून आमच्याकडे पंचवीस ग्रॅमची पन्नास रुपयांची पुडीही असते. एका घरच्या शीरखुर्म्याला ती पुरते. आणि सर्वांत जास्त तीच खपते.

आता आम्ही कसे करतो

कोणाला आपल्या गावात असे काम करायचे असेल तर आमची पद्धत सांगतो.

प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी असते. शंभर रुपयांतील ऐंशी गटाला, सहा पाकीट आणि छपाईला, सहा एसटीच्या भाड्याला, तीन तूट-फूट, पाच गटाच्या राखीव निधीला. विकणाऱ्याला शून्य. ही चिठ्ठी आल्यापासून घासाघीस निम्म्याहून कमी झाली. पैसा कोठे जातो हे कळले की बहुतेक माणसे भाव करत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

वजन गिऱ्हाइकासमोर करतो. पाकिटावर गटाचे नाव, अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक, वजन आणि तारीख असते. मालात खवटपणा आला तर लपवत नाही, बदलून देतो. चारोळीत तेल असते, त्यामुळे फोडलेला दाणा लवकर खवट होतो. म्हणून गट बिया न फोडता ठेवतो आणि रमजान जवळ आला की भरडतो.

उधारी देत नाही. ज्यांना खरोखर अडचण आहे त्यांच्यासाठी आम्ही स्वतः एखादी पुडी विकत घेतो आणि भेट देतो. सदका द्यायचा तर आपल्या पैशातून द्यावा. आणि विकताना ‘बिचाऱ्या आदिवासी बायका’ असे कधी बोलत नाही. त्या दान मागत नाहीत, माल विकत आहेत. घेणाऱ्याने चारोळी चांगली आहे म्हणूनच घ्यावी.

मस्जिदच्या आवारात टेबल मांडत नाही. तिथे खरेदी-विक्री योग्य नाही. घरोघरी जातो किंवा एखाद्याच्या ओसरीवर बसतो. काही वर्षी महाशिवरात्र आणि रमजानचा चाँद थोड्याच दिवसांच्या अंतराने आले. त्यामुळे नागऱ्याच्या यात्रेला येणाऱ्या लोकांनाही तीच पुडी त्याच भावात देता आली. कोणी खिरीला नेतो, कोणी शीरखुर्म्याला.

मोहफुलांबाबत पुष्कळांनी शंका विचारली. मोहाची दारू होते हे सर्वांना माहीत आहे. पण वाळवलेले फूल हे मनुक्यासारखे खाण्याचे फळ-फूल आहे. नशा येते ती ते कुजवून दारू गाळल्यावर. द्राक्षांचेही तसेच आहे. हे समजावून सांगतो. तरीही ज्यांचे मन मानत नाही त्यांना आग्रह करत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, आगाऊ रक्कम. चारोळी मे महिन्यात येते आणि ईद हल्ली मार्चच्या सुमारास. दहा महिने माल सांभाळून ठेवायचा तर बायकांच्या हातात मे महिन्यातच पैसा हवा, नाहीतर तो माल आगाऊ देणाऱ्याकडे जाणारच. म्हणून आम्ही मोहल्ल्यातील आठ घरांकडून हजार-हजार रुपये कर्ज-ए-हसना म्हणून घेतले. दहा किलो चारोळीपोटी गटाला जायचे होते सोळा हजार. त्यातले निम्मे, आठ हजार, मे महिन्यातच पोचते केले. ईदनंतर आठही घरांना त्यांचे हजार रुपये परत मिळाले, ना कमी ना जास्त. व्याज टाळणे हा ज्या घरांच्या श्रद्धेचा भाग आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

एवढ्याने काय होणार?

हा प्रश्न आम्हालाही पडतो. दहा किलो चारोळीने जंगलातला बाजार बदलत नाही. गटाचा बराचसा माल आजही व्यापाऱ्याकडेच जातो. पण मागच्या उन्हाळ्यात गटाच्या बाईंनी एक गोष्ट सांगितली. व्यापारी भाव सांगून गेला तेव्हा त्या म्हणाल्या, “आमचा दुसरा गिऱ्हाईक आहे, नागऱ्याचा. त्याचा भाव एवढा आहे.” तो रागावला, निघून गेला, आणि दोन दिवसांनी थोडा वाढीव भाव घेऊन परत आला. आमच्या भावाइतका नाही, पण आधीपेक्षा जास्त. नाही म्हणता येणे हीच त्या बायकांची खरी कमाई होती.

येत्या ईदला आपल्या घरी शीरखुर्मा शिजेल. मग तो नागऱ्यात असो, नागपुरात असो की मुंबईत. चारोळी घेताना दुकानदाराला एवढे विचारून पाहा की ही कोठून आली आणि वेचणारीला काय मिळाले. त्याला कदाचित सांगता येणार नाही. मग आपल्या जवळपासच्या बचतगटाचा, ग्रामसभेचा पत्ता काढा. चार घरे मिळून पाच किलो मागवा आणि शेजाऱ्यांना विका. पुडीत भावाची चिठ्ठी घालायला विसरू नका. आणि कोणी आपुलकीने म्हणाले, “आपल्या माणसाला दहा रुपये कमी करा ना,” तर हसून सांगा की ते दहा रुपये माझे नाहीत.

आमच्या खाला यंदाही येतील, इन्शाअल्लाह. त्यांची पंचवीस ग्रॅमची पुडी आम्ही बाजूला काढून ठेवतो. पैसे मात्र पूर्ण पन्नास घेतो. कमी घेतलेले त्यांना चालत नाहीत.